फोकसपुरती

नागपूर शहर पोळपाटासारखं सपाट. चढ म्हणून चढायचा तर रेल्वेचा पूल, आणि उंचावर गेल्याचं समाधान हवंच असेल तर सेमिनरी हिल्स, जिथं सायकलवाल्यालाही फारसा दम लागत नाही. अशा गावात एखाद्याला डोंगराचं वेड लागावं, हाच मुळात दैवाचा चावटपणा. चंद्रभान लोणारेला ते लागलं. तेहतीस वर्षांपूर्वी सक्करदऱ्याच्या तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यानं फोटोचं दुकान टाकलं आणि पाटीवर नाव रंगवून घेतलं, हिमशिखर फोटो स्टुडिओ. मे महिन्यात शेहेचाळीस डिग्रीत त्या पाटीच्या सावलीला उभं राहून लोक लिंबूसरबत प्यायचे आणि पाटी वाचून हसायचे. त्यांचं काही चुकत नव्हतं. चंद्रभाननं हिमालय कधी पाहिलाच नव्हता.

सातपुडा मात्र त्यानं पाठ केला होता. पचमढी, तामिया, चिखलदरा, कुठल्या कड्यावर कुठल्या महिन्यात किती वाजता ऊन पडतं, हे त्याला विचारावं. पोटाला पासपोर्ट फोटो आणि जिवाला डोंगर, अशी त्यानं आयुष्याची वाटणी करून टाकली होती.

दुकानाचं खरं नाव झालं ते हार घालायच्या फोटोंमुळे. घरात कोणी गेलं की माणसं लग्नातला ग्रुप फोटो, रेशनकार्ड, मोबाइल, जे हाती लागेल ते घेऊन चंद्रभानकडे यायची. तो त्यातून चेहरा वेगळा काढायचा, खांद्यावरचा दुसऱ्याचा हात पुसायचा, मिटलेला डोळा उघडून द्यायचा. बाकीचे स्टुडिओवाले मागे निळा पडदा टाकतात. चंद्रभान स्वतःचा डोंगर टाकायचा. मोहल्ल्यातला मेलेला माणूस शेवटी सातपुड्यात जायचाच. जन्मात काटोलच्या पुढे न गेलेल्या कितीतरी म्हाताऱ्या त्याच्या कृपेनं पचमढीच्या धूपगडासमोर हसत बसल्या आहेत.

आणि या माणसाकडे स्वतःच्या बायकोचा हार घालण्याजोगा एक फोटो नव्हता.

जयवंता मंगळवारी गेली. ऑगस्टचा महिना होता. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम रविवारी विहारात ठेवला. गुरुवारी सकाळी श्वेतानं, त्यांच्या एकुलत्या एक मुलीनं, चहाचा कप बापासमोर ठेवला आणि विचारलं, "बाबा, आईचा फोटो बनवला का? फ्रेमवाल्याले शनिवारपर्यंत द्या लागते."

"बनवतो ना."

"कोनता घेऊन राहिले?"

चंद्रभान कपाकडे बघत राहिला. सबंध मोहल्ल्याला जो प्रश्न त्यानं विचारला, तो आज त्याला विचारला गेला होता.

लग्नातला फोटो होता. त्यात मान खाली घातलेली वीस वर्षांची पोरगी होती, तिला आता ओळखणार कोण? आधार कार्ड होतं. पण गिऱ्हाइकांना तो स्वतःच सांगायचा, "आधारचा फोटो आनू नका गा, त्यात जिता मानूसही मेल्यासारखा दिसते." श्वेतानं आपल्या लग्नाचा अल्बम काढला. मोबाइलवरचे आठ वर्षांचे फोटो काढले. वाढदिवस, धम्मचक्र प्रवर्तन दिन, नातवाचं बारसं, सगळं होतं. फक्त जयवंता कुठंच धड नव्हती. कुठं अर्धा खांदा, कुठं पदराचं टोक, कुठं पाठमोरी, कुठं दारातून बाहेर पडताना.

"आईले फोटोत उभं करा म्हटलं की सरकून जायची," श्वेता म्हणाली. "आपन म्हनायचो लाजते. काहून करत असन ती असं?"

काहून ते चंद्रभानला ठाऊक होतं. त्यानं कप उचलला आणि गार झालेला चहा एका घोटात संपवला.

लग्नानंतर पहिली काही वर्षं तो डोंगरावर एकटाच जायचा. मग श्वेता आजीपाशी राहण्याएवढी झाली आणि जयवंता म्हणाली, मी बी येते. शनिवारी दुपारी शटर ओढायचं, छिंदवाड्याची नाहीतर परतवाड्याची बस धरायची, कुठंतरी धर्मशाळेत पाठ टेकायची आणि पहाटे चारला उठून कड्यावर जायचं. जयवंतेच्या हातात थर्मास, खांद्यावर कॅमेऱ्याच्या तिकाटण्याची, म्हणजे ट्रायपॉडची पिशवी. सव्वीस वर्षं हा संसार असा चालला. शेजारणी म्हणायच्या, "मजा हाय बाई तुही. नवरा फिरवते." जयवंता हसायची.

आता पहाटेच्या उजेडाची गोष्ट अशी की डोंगरावर धुकं असतं. धुक्यात लेन्सला धरायला काही मिळत नाही, ती नुसती पुढंमागं होत राहते. शिवाय उजेड किती आहे हे मोजायला समोर माणसाचा चेहरा असला तर बरं पडतं. म्हणून चंद्रभान जयवंतेला वीस-पंचवीस पावलांवर उभं करायचा. तिच्यावर फोकस लावायचा, तिच्या तोंडावरचा उजेड मोजायचा. सगळं जुळलं की हात हलवायचा, "झालं. हो बाजूले." ती बाजूला झाली की मग बटण दाबायचा. रोलचा जमाना होता. एका रोलात छत्तीस फोटो, त्यातला एकही वाया घालवायचा नाही, ही त्याची शिस्त.

एकदा त्यानं इतवारीतून तिच्यासाठी स्वतः साडी आणली. निळी, पांढऱ्या जाड काठाची. आयुष्यात बायकोसाठी एकट्यानं जाऊन घेतलेली ही एकच साडी. जयवंता हरखून गेली. चंद्रभाननं सांगितलं, "निळ्यावरचा पांढरा काठ धुक्यात चांगला दिसते. फोकसले सोपं जाईन." तिनं साडी नेसली. नंतर डोंगरावर जाताना दर वेळी तीच नेसली.

पुढं डिजिटल कॅमेरा आला. आता रोलची काटकसर नव्हती. तो जयवंतेला उभी ठेवून एखाददुसरा अंदाजाचा फोटो काढायचा, कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर उजेड बरोबर आहे की नाही पाहायचा आणि तिथल्या तिथं खोडून टाकायचा. कार्डात कचरा नको. घरी येईपर्यंत कार्डात नुसते डोंगर उरायचे.

चिखलदऱ्याला एकदा ती म्हणाली होती, "आवो, एक माहा बी काढा ना."

चंद्रभाननं कॅमेऱ्यावरून डोळा काढला नव्हता. "उजेड चालला जाईन. डोंगर उद्या असा दिसनार नाही. तू तर घरचीच हायस, तुहा कवाही काढता येते."

तिनं थर्मास उघडला आणि त्याच्यासाठी चहा ओतला. त्यानंतर तिनं कधी विचारलं नाही. पण कॅमेरा वर गेला की बाजूला व्हायचं, हे तिच्या अंगात इतकं भिनलं की मुलीच्या लग्नातही कोणी मोबाइल उचलला की तिचे पाय आपोआप निघायचे.

चंद्रभान वाईट नवरा होता असं कोणी म्हणणार नाही. दारू नाही, हात उगारणं नाही, पगाराच्या बाईसारखं वागवणं नाही. फक्त त्याची नजर नेहमी तिच्या मागे कुठंतरी असायची. अशा नवऱ्याची तक्रार तरी कोणाकडे करणार?

गुरुवारी दुपारी तो दुकानात जाऊन बसला आणि सव्वीस वर्षांचे फोटो धुंडाळू लागला. आधी निगेटिव्हच्या पिशव्या, मग कॉम्प्युटर. शुक्रवारी सकाळी पुन्हा तेच. हजारो डोंगर डोळ्यांखालून गेले. एका ठिकाणी खडकावर तिची चप्पल सापडली. एका ठिकाणी थर्मासचं झाकण. तामियाच्या एका फोटोत कोपऱ्यात निळ्या पदराची बोटभर कड आली होती. तो फोटो त्यानं मोठा करून विकला होता आणि विकण्याआधी ती कड पुसली होती, हेही त्याला आठवलं. आयुष्यभर ज्या फोटोंचा त्याला गर्व होता, त्यांचा त्या दिवशी त्याला पहिल्यांदा राग आला.

दुपारी श्वेता डबा घेऊन आली. बापानं सकाळचाही डबा उघडला नव्हता. तिनं विचारलं, "सापडला?"

"नाही."

"तुमी आईले उभं करून ट्रायलचे काढायचे ना? ते कुठं हायेत?"

"खोडायचो."

श्वेतानं डबा बाजूला सरकवला. मग म्हणाली, "शेवटी कवा गेले होते तुमी दोघं?"

"डिसेंबरात. तामियाले."

"त्याच्यानंतर त्या कॅमेऱ्यात फोटो काढले?"

काढले नव्हते. फेब्रुवारीत जयवंतेच्या पोटातलं दुखणं बाहेर आलं, आणि डोंगराचा कॅमेरा कपाटात गेला तो गेलाच. दुकानाचा कॅमेरा वेगळा होता.

"मंग आनते मी तो," श्वेता उठली. "खोडलेले फोटो पुरे जात नाहीत, बाबा. त्याच्यावर नवीन काढले तरच जातात. आमच्या ऑफिसात पिकनिकचं सारं कार्ड कोन्या येड्यानं साफ केलं होतं. आले होते परत."

घरून कॅमेरा आणून तिनं त्यातलं कार्ड कॉम्प्युटरला लावलं, कुठूनसा प्रोग्राम उतरवला आणि तो चालू केला. पडद्यावर हिरवी पट्टी गोगलगायीच्या चालीनं सरकू लागली. बापलेक ती पट्टी पाहत बसले. बाहेर एक गिऱ्हाईक पासपोर्ट फोटोसाठी येऊन, आतला नूर पाहून परत गेलं.

बरेच फोटो अर्धे राखाडी होऊन आले. काहींच्या नुसत्या पट्ट्या. आणि मग जयवंता आली.

सकाळचे सहा एक्केचाळीस, अशी वेळ खाली लिहिलेली होती. निळी साडी, अंगावर करडी शाल. कानाजवळचे पांढरे केस वाऱ्यानं उडालेले. कोवळं ऊन थेट तोंडावर, म्हणून डोळे थोडे बारीक केलेले. ओठांवर हसू नव्हतं, पण येऊ घातलं होतं. ती सरळ कॅमेऱ्याकडे, म्हणजे त्याच्याकडे पाहत होती. फोकस नेमका तिच्यावर. पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा. मागचा डोंगर धुक्यात पुसट होता.

श्वेतानं तोंडावर पदर धरला. "आई," एवढंच म्हणाली. मग डोळे पुसून म्हणाली, "झालं, बाबा. हाच. याच्यापेक्षा चांगला कोनता असन?"

चंद्रभानच्या छातीवरचा दगड उतरला. हात सवयीनं पुढच्या फोटोकडे गेला.

सहा त्रेचाळीस. जयवंतेचा एक हात कमरेवर.

सहा पंचेचाळीस. हात उजव्या बरगडीखाली, शालीचा बोळा करून तिथं दाबून धरलेला.

सहा सत्तेचाळीस. ती किंचित वाकलेली, दुसरा हात खडकावर टेकलेला. पुढच्या दोन फोटोंत खालचा ओठ दातांत. शेवटच्यात ती खडकावर बसली होती, दोन्ही हात पोटावर, चेहरा राखेसारखा. पण मान वर होती आणि नजर कॅमेऱ्याकडे. बाजूला हो म्हणायची वाट पाहत होती. खाली वेळ होती सहा बावन्न.

अकरा मिनिटं. सात फोटो. चंद्रभानला ती सकाळ जशीच्या तशी आठवली. धुकं सारखं हलत होतं, उजेड जुळता जुळत नव्हता. ती म्हणाली होती, "मी बसू का जराशी?" आणि त्यानं म्हटलं होतं, "एक मिनिट थांब वं, धुकं सरून राहिलं." का बसायचंय, हे विचारलं नव्हतं. या सातही फोटोंकडे तेव्हा त्यानं पडद्यावर पाहिलं होतं. एकेक पाहून, उजेड चुकला म्हणून, स्वतःच्या अंगठ्यानं खोडला होता. परतीच्या बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून बसली होती. त्यानं तिला डोंगराचा फोटो दाखवला, तेव्हा म्हणाली होती, "मस्त आला."

फेब्रुवारीत डॉक्टरांनी विचारलं होतं, किती दिवसांपासून दुखतंय? जयवंता म्हणाली, आताआताच. डॉक्टरांनी चंद्रभानकडे पाहिलं. चंद्रभाननंही मान डोलावली होती, हो, आताआताच. दोन-तीन महिने आधी आला असतात तर काही करता आलं असतं, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा त्याला डॉक्टरांचाच राग आला होता.

श्वेतानं फोटो पाहिले, वेळा पाहिल्या. ती काही बापासारखी उजेड पाहत नव्हती, तिला लगेच कळलं.

"तुमाले दिसलं नाही?" तिनं विचारलं.

"मी उजेड पाहून राहिलो होतो."

"तिच्या तोंडावरचाच ना?"

श्वेता उठून बाहेर गेली. दुकानाच्या पायरीवर बसली, रस्त्यावरच्या ऑटोंकडे बघत. बऱ्याच वेळानं आत आली तेव्हा तिचा आवाज कोरडा झाला होता. "पहिलाच लावा. आन् बाकीचे कोनाले दाखवू नका. तिनं कोनाले दाखवलं नाही, आपन कायले दाखवा?"

ती गेल्यावर चंद्रभान कामाला लागला. हात सवयीनं चालू लागले. कानाजवळच्या केसांवरून रेघ ओढत चेहरा वेगळा काढायचा, मागचं पुसायचं, तिथं एखादा धारदार डोंगर बसवायचा. शेकडो वेळा केलेलं काम. पण रेघ खांद्यापर्यंत आली आणि तो थांबला. त्यानं रेघ पुसून टाकली. फोटो होता तसा ठेवला, मागच्या त्या पुसट डोंगरासकट. त्याच्या सबंध आयुष्यात डोंगर पुसट आणि माणूस लख्ख, असा हा एकच फोटो होता, आणि तो त्यानं टाकून दिलेला होता. मग त्यानं कार्ड कॉम्प्युटरमधून काढून एका कागदात गुंडाळलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं.

रविवारी विहार भरून गेला. पांढऱ्या कपड्यांतली माणसं सतरंजीवर बसली. भगवान बुद्धांच्या मूर्तीसमोर आणि बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर मेणबत्त्या लागल्या. बाजूच्या टेबलावर जयवंतेचा फोटो, त्याला मोगऱ्याचा हार. त्रिशरण-पंचशील झालं. लोक एकेक करून फुलं वाहायला पुढं येऊ लागले, आणि जो येईल तो फोटोसमोर थबकत होता.

"फोटो म्हनावं तर असा."

"जिती बसली हाय समोर."

"शेवटी हात कोनाचा हाय, पाहा ना. किती जीव होता बायकोवर."

चंद्रभान टेबलाला लागून उभा राहून हे ऐकत होता. एकेका शब्दाला हात जोडत होता. शिव्या दिल्या असत्या तर त्याला जास्त बरं वाटलं असतं.

गल्लीतले भैय्याजी काठी टेकत आले. त्यांच्या बायकोला चंद्रभाननं सहा वर्षांपूर्वी धूपगडासमोर बसवलं होतं, तेव्हापासून ते त्याला मुलासारखं मानायचे. त्यांनी फूल वाहिलं, फोटो निरखून पाहिला आणि चंद्रभानच्या पाठीवर हात ठेवला.

"रडू नको गा. नशीबवान बाई होती. आमची बाई चुलीसमोर गेली. तुह्यासंगं हिनं किती डोंगर पाह्यले."

"तिनं कुठं पाह्यले, भैय्याजी?" चंद्रभान म्हणाला. आवाज इतका मोठा निघाला की पुढच्या रांगेतल्या बाया वळून पाहू लागल्या. "मी तिले माह्याकडे तोंड करून उभं करत होतो. डोंगर तिच्या पाठीमागं राहत होता. सव्वीस वर्षं. आन् दुखून राहिलं तरी उभीच होती."

भैय्याजींना त्यातलं काही उमगलं नाही. दुःखात माणूस काहीबाही बोलतो, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी "बरं, बरं" म्हणत त्याची पाठ थोपटली आणि ते काठी टेकत आपल्या जागेवर जाऊन बसले.

श्वेता समोरून बापाकडे पाहत होती. तिनं मान हलवली नाही, डोळे पुसले नाहीत. चंद्रभाननं खिशावर हात ठेवला. कागदातलं कार्ड बोटांना लागलं.

तेवढ्यात शेजारची नंदिनी मोबाइल घेऊन टेबलासमोर आली. गावाकडच्या ज्या नातलगांना येता आलं नव्हतं त्यांना जयवंतेचा फोटो पाठवायचा होता. तिनं मोबाइल वर धरला, थोडी मागं सरली, पुन्हा पुढं आली. काही केल्या तिला जुळेना.

"काका," ती हळूच म्हणाली, "तुमी मधात येऊन राहिले. जरा बाजूले व्हा ना."

चंद्रभान बाजूला झाला.